झोकून देणारे, तसं दाखवणारे आणि स्पष्ट सांगणारे

अमेरिकेतल्या एका मोठ्या सल्लागार कंपनीत अलिखित नियम होता. क्लायंटचा फोन कधीही आला तरी उचलायचा, उद्या पहाटेचं विमान पकडा म्हटलं की पकडायचं, आणि घरचं काही असेल तर ते नोकरीनंतर. आठवड्याला साठ-सत्तर, कधी ऐंशी तास काम. एरिन रीड या संशोधिकेने तिथल्या शंभराहून अधिक जणांशी सविस्तर बोलून आणि कंपनीतल्या वार्षिक मूल्यमापनाच्या नोंदी तपासून २०१५ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कंपनीचं नाव त्यांनी गुप्त ठेवलं. नियम तिथे प्रत्येकाला ठाऊक होता, पण तो मनापासून पाळणारे निम्म्याहूनही कमी निघाले.

४३ टक्के लोकांनी स्वतःला कामात खरोखर झोकून दिलं होतं. ३० टक्के लोकांनी आपल्या मर्यादा वरिष्ठांना उघड सांगितल्या होत्या: मला कमी प्रवास हवा, तास कमी करून द्या, मूल झालंय, रजा पाहिजे. उरलेल्या २७ टक्के लोकांनी तिसरा मार्ग काढला. त्यांनी काही मागितलं नाही, कोणाला काही सांगितलं नाही. कामाचे तास गुपचूप आटोक्यात आणले आणि बाहेरून मात्र पूर्ण वेळ हजर असल्यासारखे दिसत राहिले.

आता मूल्यमापन बघा. झोकून देणाऱ्यांना चांगली श्रेणी मिळाली. गुपचूप तास कमी करणाऱ्यांनाही जवळजवळ तशीच मिळाली, बढत्याही मिळाल्या. एक जण आठवड्यातले पाच दिवस मुलाबरोबर बर्फात स्कीइंगला गेला होता, सकाळ-संध्याकाळ फोनवर कामं उरकत होता. कंपनीच्या लेखी तो उत्तम कर्मचारीच राहिला. आणि ज्यांनी प्रामाणिकपणे येऊन सांगितलं त्यांचं काय झालं? त्यांची श्रेणी घसरली. मुलाच्या जन्मासाठी तीन महिन्यांची रजा मागणाऱ्या एका बापाला सहा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळाली. वर्षअखेरीला त्याच्या कामात मोठा खंड पडल्याचं कारण पुढे आलं. बाकीचं वर्ष त्याने राबण्यात घालवलं होतं, ते मोजलं गेलं नाही.

हा निष्कर्ष जरा थांबून समजून घ्यायला हवा. ऐंशी तास खरंच काम करणारा माणूस आणि तसं भासवणारा माणूस यांच्यातला फरक वरिष्ठांना कळत नव्हता. गुपचूप तास कमी करणाऱ्यांचं काम उणं पडल्याचा कोणताही पुरावा रीड यांना सापडला नाही. म्हणजे त्या जादा तासांमुळे काम सुधारत होतं असं म्हणायला आधार नाही. शिक्षा झाली ती कमी काम केल्याबद्दल नव्हती, मर्यादा असल्याचं उघड कबूल केल्याबद्दल होती. माझ्या मते आजच्या ऑफिसांबद्दलची ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट आहे.

गुपचूप मार्ग काढतात तो कसा? रीड यांच्या अभ्यासातले लोक जवळपासचे क्लायंट धरत, म्हणजे प्रवास आपोआप कमी. फोनवर बैठका घेण्याची सवय टीमला लावत. दोघं-तिघं विश्वासातले सहकारी मिळून एकमेकांची बाजू सांभाळत. आपण नक्की कुठे आहोत हे कोणाला कळू देत नसत. हे वाचताना हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीतल्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या कोणालाही ओळखीचं वाटेल. तू माझा साडेनऊचा कॉल घे, मी तुझं शनिवारचं रिलीज बघतो. पाळणाघरातून मुलीला आणताना कार पार्किंगमधून म्यूटवर लावलेली मीटिंग. दुपारीच लिहून ठेवलेला आणि रात्री अकराला आपोआप जाईल असा लावलेला ईमेल. आईला डॉक्टरकडे नेताना ‘नेटवर्क जरा वीक आहे’. चॅटवरचा हिरवा ठिपका मावळू नये म्हणून माऊस हलवत ठेवणारं यंत्रसुद्धा बाजारात मिळतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने अशा युक्त्यांनी काम केल्याचं भासवल्याबद्दल डझनाहून अधिक लोकांना काढून टाकलं.

याला लबाडी म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. काम वेळेत आणि नीट झालेलं असताना माणसाला आपण बापही आहोत, कोणाची मुलगीही आहोत हे लपवावं लागत असेल, तर खोट त्या माणसात नाही.

लपवणं कोणाला परवडतं

रीड यांच्या अभ्यासात गुपचूप मार्ग काढण्यात पुरुष पुढे होते: ३१ टक्के पुरुष, ११ टक्के स्त्रिया. घरची गरज दोघांनाही होती. फरक पडला तो स्त्रिया बहुतेक वेळा औपचारिक सवलत मागत, तिथे. कंपनीच्या धोरणात सवलत असायची, ती घेतली की नावापुढे खूण व्हायची आणि महत्त्वाची कामं हळूहळू दुसरीकडे जायची. पुरुषाला मुळात कोणी विचारतच नव्हतं. संध्याकाळी पाचला पुरुष बॅग घेऊन निघाला की क्लायंटकडे चालला असेल असं समजतात. बाई निघाली की मुलांसाठी निघाली असं समजतात. दोघंही मुलांकडेच जात असतील, पण लपवण्याची सोय त्यातल्या एकालाच आहे.

हे असं का होतं, याचं उत्तर समाजशास्त्रज्ञ जोन अ‍ॅकर यांनी १९९० मध्येच दिलं होतं. नोकरी म्हणजे एक रिकामी खुर्ची आणि तिथे कोणीही बसू शकतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या खुर्चीच्या मापातच एक ठरावीक माणूस गृहीत धरलेला असतो. त्याला स्वयंपाक करायचा नसतो, त्याचं मूल आजारी पडत नाही, म्हाताऱ्या आईवडिलांची औषधं त्याला आठवावी लागत नाहीत. कारण हे सगळं करणारं दुसरं कोणीतरी घरी असतं. ‘आदर्श कर्मचारी’ म्हणून ज्याचं चित्र रंगवतात तो हाच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांबद्दलचं बोलणं समोर आलं. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असं त्यात होतं. त्यावर पुष्कळ टीका झाली, पण एक गोष्ट सुटून गेली. हा प्रश्न ज्याच्या घरी बायको आहे आणि ती घर सांभाळते आहे त्यालाच विचारता येतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं आढळलं. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं जातात. नोकरी करून घरी आलेल्या बाईकडून त्याच ७० तासांची अपेक्षा करायची, तर तो हिशेब कोणत्या दिवसात बसवायचा?

अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं नोबेल मिळालं ते स्त्रियांच्या रोजगाराच्या अभ्यासासाठी. दुप्पट वेळ दिला तर दुपटीहून जास्त पैसे देणाऱ्या आणि कोणत्याही वेळी हजर राहायला लावणाऱ्या नोकऱ्यांना त्या ‘लोभी’ नोकऱ्या म्हणतात. नवरा-बायको दोघंही शिकलेले, दोघांच्याही नोकऱ्या चांगल्या. घरी मूल आल्यावर दोघांनीही लोभी नोकरी करणं अशक्य होतं. मग एक जण ती धरतो आणि दुसरा कमी पैशांची पण सवडीची नोकरी धरतो. हा दुसरा बहुतेक वेळा ‘दुसरी’ असते. गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांच्या व्यवसायाचं उलट उदाहरण दिलं आहे. एका फार्मासिस्टचं काम दुसऱ्याला सहज पुढे नेता येतं, नोंदी सगळ्यांना दिसतात, त्यामुळे कमी तास काम करणाऱ्याला दर तासाचा मोबदला कमी मिळत नाही. तिथे स्त्री-पुरुषांच्या पगारातली दरीही खूप लहान आहे. काम एकाच माणसावर अडून राहत नसेल, तर त्या माणसाने चोवीस तास जागं राहण्याची गरजच उरत नाही.

प्रत्येक मार्गाची किंमत

झोकून देणाऱ्यांपासून सुरुवात करू. संशोधिका अलेक्झांड्रा मिशेल यांनी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरच्या दोन बँकांमधल्या तरुण बँकर्सचा नऊ वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. पहिली काही वर्षं शरीर ऐकत राहतं. चौथ्या वर्षाच्या आसपास ते बंड करतं: झोप उडते, पाठ धरते, व्यसनं लागतात, न संपणारी आजारपणं मागे लागतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी तुलना केली तर ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. एकट्या २०१६ साली जगभरात अशा ७ लाख ४५ हजार मृत्यूंचा संबंध लांब तासांशी जोडता येतो.

झोकून देणाऱ्यांची आणखी एक अडचण रीड आणि त्यांच्या सहसंशोधक लक्ष्मी रामराजन यांनी दाखवली. ज्याची सगळी ओळख नोकरीत आहे त्याला नोकरी गेल्यावर उभं राहणं जड जातं. आणि असा माणूस साहेब झाला की हाताखालच्यांना घडवायला त्याच्याकडे ना वेळ असतो ना कल. मी केलं, तुम्हीही करा, एवढंच तो शिकवू शकतो.

गुपचूप मार्ग काढणाऱ्यांचं शरीर वाचतं, पण ते सतत सावध असतात. सहकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलता येत नाही, घरचा फोटो दाखवतानाही कुठे गेलो होतो हे निघायला नको अशी धास्ती. काम ठीक चाललेलं असतं, कंपनीबद्दलची आपुलकी मात्र पातळ होत जाते आणि काही वर्षांनी अशी माणसं निघून जातात. स्पष्ट सांगणाऱ्यांची किंमत वर आलीच: श्रेणी, बढती आणि मनात साठत जाणारा राग.

या तिन्ही मार्गांच्या बाहेर राहिलेले लोक मला जास्त काळजीचे वाटतात. नुकतेच नोकरीला लागलेले, घरावर कर्ज असलेले, कंत्राटी कंपनीच्या पगारपत्रकावरचे. त्यांना लपवायला लागणारे विश्वासातले सहकारी अजून मिळालेले नसतात आणि स्पष्ट सांगायला लागणारं वजनही नसतं. २०२४ मध्ये पुण्यात एका तरुण सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाल्यावर तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. कामाच्या ताणाचा आरोप कंपनीने मान्य केला नाही. पण त्या पत्रातला एक मुद्दा कोणाही नव्या माणसाला लागू होतो: नवख्या मुलीजवळ सीमा आखण्याचा अनुभवही नव्हता आणि नाही म्हणण्याची ताकदही नव्हती.

मग हा नियम टिकतो कसा

जास्त तासांनी जास्त काम होतं ही समजूत हे एक कारण. अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कॅव्हेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासल्या. आठवड्याला सुमारे ५० तासांनंतर दर तासाचं उत्पादन घसरू लागतं, आणि ७० तास राबलेल्यांचं एकूण उत्पादन ५६ तास राबलेल्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. तिथे निदान तोफगोळे मोजता येत होते. सॉफ्टवेअर, सल्ला, लेखापरीक्षण, जाहिरात अशा कामांत काय मोजायचं हेच ठरलेलं नसतं. जे मोजता येत नाही तिथे दिसणं मोजलं जातं: किती वाजता लॉगिन, रात्री कोणी उत्तर दिलं, कोण शनिवारी आलं.

दुसरं कारण म्हणजे दोषाचं खापर सोयीच्या ठिकाणी फुटतं. रॉबिन इली, आयरीन पॅडाव्हिक आणि रीड यांना एका जागतिक सल्लागार कंपनीने बोलावून विचारलं की आमच्याकडच्या स्त्रिया का सोडून जातात. आकडे काढल्यावर दिसलं की तीन वर्षांत सोडून जाणाऱ्या स्त्री-पुरुषांचं प्रमाण जवळपास सारखं होतं. त्रास सगळ्यांनाच होता, कारण क्लायंटला गरजेपेक्षा जास्त कबूल केलं जात होतं आणि त्याला वापरताही येणार नाही असं शंभर-शंभर स्लाइडचं सादरीकरण रात्री जागून तयार होत होतं. संशोधकांनी हे सांगितलं तेव्हा कंपनीच्या प्रमुखांनी ते मान्य केलं नाही. घर-नोकरीचा मेळ हा बायकांचा प्रश्न, हे मानलं की कामाची पद्धत बदलावी लागत नाही.

तिसरं कारण मौन. गुपचूप तास कमी करणारा जितका यशस्वी होतो तितका नियम पक्का होतो, कारण नव्या मुलांना तो ऐंशी तासवालाच दिसतो. बघा, त्यांना जमतं.

कायदा इथे कितपत कामी येतो? मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चालवलेल्या लढ्यानंतर. गिरणीचा भोंगा वाजला की पाळी संपली हे सगळ्यांना ऐकू येत होतं. लॅपटॉपला भोंगा नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, त्यावरच्या कामाला दुप्पट दर. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी दिवसाची मर्यादा १० तासांवर आणि तिमाहीतला ओव्हरटाइम १२५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. पण व्यवस्थापकीय, देखरेखीच्या आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना हा कायदा लागूच होत नाही, आणि ऑफिसात ‘मॅनेजर’ हे पद लवकर मिळतं. शिवाय बऱ्याच ठिकाणी टाइमशीटमध्ये आठ-नऊ तासच भरायचे असतात, मग काम बारा तास झालेलं असो. कागदावर जादा तास नाहीत म्हटल्यावर तपासणाऱ्याला काय दिसणार?

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी यासाठी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, मांडलं, २०२५ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकांपैकी १९७० नंतर एकाचाही कायदा झालेला नाही. म्हणून तूर्त तरी बदल टीमपासूनच सुरू करावा लागेल.

ते शक्य आहे. संशोधिका लेस्ली पर्लो यांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीत केलेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. टीममधल्या प्रत्येकाने आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ पूर्ण मोकळी ठेवायची, फोन-ईमेल बंद. ही सवलत नव्हती, सक्ती होती. सुरुवातीला लोक घाबरले, सुट्टी घ्यायला तयार होईनात. पण एक जण नसणार हे आधीच माहीत असल्यामुळे बाकीच्यांना त्याचं काम समजून घ्यावं लागलं, कोणती गोष्ट खरंच तातडीची आहे हे बोलावं लागलं. समाधान वाढलं आणि क्लायंटला मिळणारं कामही सुधारलं. मला यातली सक्तीच सगळ्यात मोलाची वाटते. सगळ्यांनाच घ्यावी लागते म्हटल्यावर ती मागणाऱ्या एकट्यावर खूण होत नाही.

ज्यांना आत्ता, याच महिन्यात मार्ग काढायचा आहे त्यांच्यासाठी थोडं. मागायचंच असेल तर काम आणि वेळ जोडून मागा. ‘मला लवकर जायचंय’पेक्षा ‘सहा ते साडेआठ मी नसेन, रिपोर्ट पाचला देते, अडलं तर अमुक जण बघेल’ हे नाकारायला अवघड असतं. तोंडी ठरलेलं त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलमध्ये लिहून ठेवा. टाइमशीट काहीही म्हणो, खरे तास स्वतःच्या डायरीत लिहा. भांडणासाठी नाही, निदान आपल्याला तरी कळावं म्हणून. रात्री छातीत धडधडून जाग येत असेल, झोप सलग उडाली असेल तर अप्रेझल होईपर्यंत थांबू नका, डॉक्टरकडे जा. मनावरचा ताण असह्य होत असेल तर टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

आणि जे पंधरा वर्षं गुपचूप तास सांभाळून वर पोचले आहेत, ज्यांच्या श्रेणीला आता कोणी हात लावू शकत नाही, त्यांनी पुढच्या टीम मीटिंगमध्ये कॅलेंडर उघडं दाखवावं. ‘मंगळवारी पाच ते सात: मुलीचा पोहण्याचा क्लास’ असं लिहिलेलं. क्लायंट मीटिंग असं नाव देऊन झाकलेलं नव्हे.